नाव लक्ष्मी, पण पैशाची ओढ नाही!

मैत्रिणींनो, आपल्या कोराडीला महालक्ष्मी जगदंबेच्या देवळामुळे सारा विदर्भ ओळखतो. नवरात्रात तर दर्शनाच्या रांगा लागतात. आपल्यापैकी बहुतेकजणी देवीपुढे हात जोडताना घरात बरकत राहू दे, असंच मागतो. त्यात चुकीचं काहीच नाही. घर चालवणाऱ्या बाईला पैशाची किंमत कळते. पण पैसा लागणं वेगळं आणि पैशाची हाव लागणं वेगळं. हा फरक जिने आयुष्यभर सोसून, भांडून आणि हसून ओळखला, अशा एका लक्ष्मीची ही गोष्ट. या लक्ष्मीचा संसार काही काळ आपल्या नागपुरातही होता.

'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखले, माहेरचं नाव मनकर्णिका. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. हेच पुढे फुलामुलांचे कवी म्हणून प्रसिद्ध झाले. टिळक विद्वान, प्रेमळ आणि कमालीचे तापट. पैसा मात्र त्यांच्या हाती क्षणभर टिकायचा नाही. बाजारहाटाला पाठवावं, तर ठरलेलं सामान घरी येईलच याचा भरवसा नाही. वाटेत कुणी गरजू भेटला की खिसा रिकामा. एका नोकरीत मन रमलं नाही की दुसरं गाव. आज चूल पेटेल की नाही, ही काळजी एकट्या लक्ष्मीबाईंची!

अशाच भटकंतीत हे जोडपं नागपूरला आलं. इथले धनाढ्य अप्पासाहेब बुटी यांचा टिळकांना आश्रय मिळाला. संस्कृत ग्रंथांचं काम आणि 'ऋषी' नावाच्या मासिकाचं संपादन टिळक करू लागले. दुसरा कुणी असता तर श्रीमंताच्या सावलीत जन्म काढला असता. टिळकांच्या मनाला मात्र वेगळीच तहान लागलेली. १८९३ मध्ये ते राजनांदगावच्या नोकरीसाठी निघाले. त्या रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या मिशनऱ्याशी गाठ पडली आणि त्यानं त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. त्या वाचनाने आयुष्यच पालटलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा हयात असून संसार मोडलेला. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, पंढरपूरला दिवस काढले. अखेर मुलाला घेऊन त्या टिळकांकडे परतल्या. पण धर्म सोडून नव्हे हं! सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा, पाणीसुद्धा वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. हळूहळू बाईंच्याच मनात प्रश्न उभे राहिले. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केला की माणसाने? स्वतःच्या मनाला पटलं, तेव्हाच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लोक त्या काळी धर्म बदलणाऱ्यांना पैशाच्या लोभाने गेलेले म्हणत. टिळकांच्या घरात डोकावलं असतं तर हसू आलं असतं. अहमदनगरच्या त्या घरात मिशनचा पगार यायचा आणि यायच्या आधीच त्याला वाटा फुटलेल्या असायच्या. दुष्काळाने पोरकी झालेली मुलं, शिकायला आलेली मुलं, पाहुणे, आजारी माणसं. बालकवी ठोमरे याच घरात राहिले आणि लक्ष्मीबाईंची माया त्यांना मिळाली. ताटं वाढत गेली, डाळीत पाणीही वाढत गेलं असेल. पण कुणी उपाशी परत गेलं नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथात पौलाने तरुण तीमथ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात पैशाला वाईट म्हटलेलं नाही, पैशाच्या लोभाला म्हटलंय. पोटाला अन्न आणि अंगावर वस्त्र असेल तर त्यात समाधान मानावं, अशी शिकवण त्यात आहे. लोभाच्या मागे धावणारा स्वतःलाच जखमा करून घेतो, हेही त्यात सांगितलंय. टिळकांनी ही शिकवण अगदी टोकापर्यंत नेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडलं, संन्याशासारखं राहायचं ठरवलं आणि 'देवाचा दरबार' ही चळवळ सुरू केली.

इथे आपण बायकांनी जरा थांबून विचार करायला हवा. पगारावर पाणी सोडणारा माणूस थोर खराच, पण त्या त्यागाचा हिशेब कुणाच्या डोक्यावर? दाण्यागोट्याची काळजी घरच्या बाईलाच. नवऱ्याने त्याग करायचा आणि बायकोने गुपचूप सोसायचं, याला समाधान म्हणता येणार नाही. लक्ष्मीबाईंनी ते गुपचूप सोसलंही नाही. त्या चिडल्या, रुसल्या, टिळकांशी कडाडून भांडल्या, युक्तीने पैसे राखून घर सावरलं. आणि हे सगळं पुढे त्यांनी इतक्या मिश्कीलपणे लिहून ठेवलं, की वाचताना हसता हसता डोळे भरून येतात.

मग त्यांचं समाधान कशात होतं? ते दिसतं टिळकांच्या माघारी. ९ मे १९१९ ला टिळक गेले. मागे ठेव नाही, जमीनजुमला नाही. बाई पन्नाशीच्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई, लिहायला-वाचायला शिकली ती लग्नानंतर. तिने मुंबईत भायखळ्याला मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. कष्टाच्या पैशाला त्यांनी कधी कमी लेखलं नाही, पण पैसा नाही म्हणून जगण्यातला आनंदही उणा होऊ दिला नाही. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. साठाहून अधिक अध्याय रचून लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. १९३३ मध्ये ख्रिस्ती साहित्य संमेलन नागपूरला भरलं, त्याच्या त्या अध्यक्षा होत्या. ज्या शहरात कधीकाळी दुसऱ्याच्या आश्रयाने संसार केला, तिथेच हा मान! १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग छापून येऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आज भिशी, हप्ते, शेजारणीचं नवं मंगळसूत्र, मोबाईलवर दिसणारी दुसऱ्यांची घरं, हे सगळं आपल्याला सारखं सांगत असतं, की तुझ्याकडे कमीच आहे. संसाराला चार पैसे जोडावेत, मुलींच्या शिक्षणासाठी जरूर राखावेत. फक्त ते मोजता मोजता दाराशी आलेलं माणूस नकोसं वाटू लागलं, तर समजावं की आता पैसा आपल्याला मोजायला लागलाय. धर्म कुठलाही असो, लक्ष्मीबाईंच्या घरातलं ते वाढत जाणारं ताट आपल्याला परकं वाटू नये.