लिंडली मरे : उपपदांची शिस्त लावणारा व्याकरणकार

मराठीत ‘राजाचा मुलगा’ एवढे म्हटले की काम भागते. राजा ओळखीचा की कुणीही, त्याला मुलगा एक की अनेक, हे संदर्भावरून कळते. इंग्रजीत मात्र ‘अ’ आणि ‘द’ ही दोन उपपदे कोठे येतात, यावर याच दोन शब्दांचे तीन वेगळे अर्थ होतात. शाळकरी मुलांना हे उदाहरण देऊन उपपदांचे महत्त्व पटविणारे लिंडली मरे मूळचे शिक्षक नव्हते. ते होते न्यूयॉर्कचे वकील आणि व्यापारी.

मरे यांचा जन्म १७४५ मध्ये पेनसिल्व्हेनियात, क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. वडील रॉबर्ट पुढे न्यूयॉर्कमधील धनाढ्य व्यापारी म्हणून नावारूपास आले. मॅनहॅटनमधील ‘मरे हिल’ हा भाग याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो. वडिलांची शिस्त करडी होती. एकदा शिक्षा झाल्यावर मुलाने घर सोडले आणि न्यूजर्सीतील बर्लिंग्टन येथील निवासी शाळा गाठली. पुढे घरी परतून त्यांनी बेंजामिन किसॅम यांच्या हाताखाली कायद्याचे शिक्षण घेतले. अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झालेले जॉन जे हे तेथे त्यांचे सहाध्यायी होते. १७६७ मध्ये हॅना डॉब्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात वकिली थांबली. ब्रिटिशांच्या ताब्यातील न्यूयॉर्कमध्ये मरे यांनी व्यापार केला, मोठी संपत्ती मिळविली आणि चाळिशीपूर्वीच निवृत्ती पत्करली. मात्र स्नायूंच्या दुर्बलतेने पाय निकामी होऊ लागले. हवापालटासाठी १७८४ मध्ये हे दाम्पत्य इंग्लंडला गेले, ते परतलेच नाही. युद्धकाळातील व्यापारामुळे मायदेशी राहणे अवघड झाले असावे, असेही काही अभ्यासक मानतात. यॉर्कजवळील होलगेट येथे त्यांनी घर घेतले. हळूहळू चालणे सुटले. आयुष्याची अखेरची सुमारे सोळा वर्षे तर त्यांना घराबाहेरही पडता आले नाही.

यॉर्कमध्ये क्वेकर मुलींची एक शाळा होती. तेथील शिक्षिकांना इंग्रजी व्याकरण शिकविण्याजोगे सोपे पुस्तक हवे होते. त्यांच्या आग्रहावरून मरे यांनी लिहिलेले ‘इंग्लिश ग्रामर’ १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्दांच्या नऊ जातींत त्यांनी पहिले स्थान उपपदाला दिले. स्वरापूर्वी आणि अनुच्चारित ‘एच’पूर्वी ‘अॅन’ योजावे, हा नियम त्यात आहे. ‘लिटल’ म्हटले तर जवळजवळ अभाव, ‘अ लिटल’ म्हटले तर थोडे का होईना अस्तित्व, हा बारकावाही आहे. बायबलमधील नाथान संदेष्टा दावीद राजाला उद्देशून ‘द’ उच्चारतो, म्हणून त्याचे बोट थेट अपराध्यावर रोखले जाते. तेथे ‘अ’ आले असते तर ते निरुपद्रवी विधान ठरले असते, हेही मरे यांनी दाखवून दिले.

एका शाळेसाठी लिहिलेले हे पुस्तक इंग्लंड, अमेरिका आणि भारतातील इंग्रजी शाळांपर्यंत पोहोचले. त्यांच्या पाठ्यपुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. मिळालेले उत्पन्न त्यांनी धर्मादाय कामांना दिले. टीकाही झाली. रॉबर्ट लोथ, जोसेफ प्रीस्टली आदींचे साहित्य त्यांनी उचलले, असा आक्षेप होता. पुस्तक संकलित असल्याचे मरे यांनी पहिल्यापासून मान्य केले होते. पुढील आवृत्त्यांत त्यांनी मूळ लेखकांची नावेही दिली. त्यांचे श्रेय नव्या शोधात नव्हते. विखुरलेले नियम मुलांना पेलतील अशा क्रमाने मांडण्यात होते.

त्यांची सर्वच मांडणी टिकली नाही. ‘धिस’, ‘एव्हरी’, ‘सम’ हे शब्द त्यांनी सर्वनामांत घातले होते. विसाव्या शतकात लिओनार्ड ब्लूमफिल्ड यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी ते उपपदांसह ‘डिटर्मिनर’ या एकाच गटात आणले. उपपद जेथे लागते तेथे दुसरा निर्धारक सहसा चालत नाही, हे त्यामुळे उलगडले. ‘द माय बुक’ का चूक, याचे उत्तर या गटात मिळते.

१८२६ मध्ये मरे यांचे निधन झाले. त्यांच्या बागेतील छोटेखानी लाकडी विश्रामगृह पुढे यॉर्कच्या माउंट स्कूलच्या आवारात हलविण्यात आले. मुलींच्या शिक्षणाची तीच क्वेकर परंपरा ही शाळा सांगते. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिले गेले, त्यांच्याच वारसदारांच्या अंगणात मरे यांची ही आठवण उभी आहे.