हत्तीच्या पोटातले घड्याळ

पूर्वी आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी घटिकापात्र वापरत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तांब्याची एक वाटी सोडत. वाटीच्या तळाला बारीक छिद्र असे. त्यातून थोडे थोडे पाणी आत येई आणि वाटी बुडे. वाटी बुडाली, की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली असे समजत. मग कोणीतरी ती बाहेर काढून रिकामी करी आणि पुन्हा पाण्यावर ठेवी. या कामासाठी एक माणूस तिथेच बसून राहत असे. त्याला डुलकी लागली, की वेळ चुकलीच!

बुडालेली वाटी आपली आपणच वर आली तर? सुमारे आठशे वर्षांपूर्वी एका कारागिराने हे करून दाखवले. त्यांचे नाव इस्माईल अल-जझरी. लोक त्यांना बदी-उज्-जमान म्हणत. आपल्या काळातला अद्वितीय माणूस, असा त्याचा अर्थ आहे.

तैग्रिस नदीला उर्दूत दजला म्हणतात. तिच्या काठी दियारबकर नावाचे शहर आहे. आज ते तुर्कस्तानात आहे. त्या काळी तिथे अर्तुकी घराण्याचे राज्य होते. जझरी या घराण्याच्या पदरी कारागीर होते. आधी पिता, मग थोरला मुलगा आणि त्यानंतर धाकटा मुलगा नासिरुद्दीन महमूद, अशा तीन राजांची त्यांनी सेवा केली. त्यांच्याविषयी जे काही कळते, ते बहुतेक त्यांच्या ग्रंथावरूनच कळते. त्या ग्रंथात स्वतःबद्दल फार थोडे आणि यंत्रांबद्दल भरभरून लिहिलेले आहे.

जझरींच्या हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी होती. तिच्यात आपल्या घटिकापात्रासारखीच छिद्र असलेली वाटी तरंगत असे. ती बुडायला अर्धा तास लागे. बुडताना ती एक दोरी ओढी. त्याबरोबर हत्तीच्या पाठीवरील अंबारीच्या माथ्यावरून धातूचा एक गोळा सुटे. तिथला पक्षी गोल फिरे. गोळा एका ससाण्याच्या चोचीतून खालच्या सापाच्या तोंडात पडे. गोळ्याच्या वजनाने साप खाली झुके आणि गोळा भांड्यात टाकी. हत्तीच्या मानेवर बसलेला माहूत हत्तीवर घाव घाली. पाहणाऱ्यांना मोठी गंमत वाटत असेल. पण खरी युक्ती पुढेच आहे. साप खाली झुकताना त्याला बांधलेली साखळी ओढली जाई. ती साखळी बुडालेली वाटी वर उचली. वाटी रिकामी होऊन पुन्हा पाण्यावर तरंगू लागे. हलका झालेला साप आपल्या जागी परत जाई. पुढचा अर्धा तास सुरू! वरचे गोळे संपेपर्यंत हे असेच चाले.

राजाला आणखी एक अडचण होती. वजू करताना नोकराने हातावर पाणी ओतावे, हे त्याला आवडत नसे. म्हणून जझरींनी आपोआप पाणी देणारी यंत्रे बनवली. हात धुण्याच्या अशाच एका यंत्रात मोर आहे. त्याच्या चोचीतून पाणी येते. वापरलेले पाणी खालच्या पोकळीत साठते. ते थोडे वाढले, की त्यावर तरंगणारा एक तुकडा वर येतो. त्याबरोबर एक दार उघडते आणि एक बाहुली हात धुण्याची पूड घेऊन पुढे येते. पाणी आणखी वाढले, की दुसरी बाहुली रुमाल घेऊन हजर होते. सांडपाण्याचाही असा उपयोग त्यांनी करून घेतला.

जझरींचा स्वभाव मात्र एका साध्या तबकडीवरून अधिक कळतो. त्या काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा समान भाग करत. प्रत्येक भाग म्हणजे एक तास. त्यामुळे उन्हाळ्यातला तास लांब आणि हिवाळ्यातला तास आखूड होई. पाण्यावर चालणाऱ्या घड्याळाला हे कसे समजणार? जुन्या कारागिरांनी यासाठी खुणा केलेली अर्धवर्तुळाकार तबकडी वापरली होती. पाणी बाहेर सोडणारी नळी तिच्यावर रोज थोडी वर किंवा खाली सरकवायची. नळी खाली गेली, की पाणी जोरात वाहते आणि तास लहान होतो. ही तबकडी थोर गुरूंच्या नावाने चालत आलेली होती. दुसरा कोणी असता तर त्याने ती तशीच बसवली असती. जझरींनी ती तपासली. वेळ बरोबर येईना. तेव्हा त्यांनी पूर्ण वर्तुळाची तबकडी घेतली. पुन्हा पुन्हा पाणी सोडून आणि वेळ मोजून त्यांनी तिच्यावर नव्या खुणा केल्या. जुनी तबकडी कुठे चुकते, हेही त्यांनी लिहून ठेवले.

त्यांचे सारे काम असेच होते. झडप घट्ट बसावी म्हणून ते तिच्यावर कुरुंदाची पूड टाकून ती घासत. लाकूड वाकू नये म्हणून पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवत. शेती आणि वस्तीसाठी पाणी वर चढवणारी पाच यंत्रेही त्यांनी वर्णन केली आहेत. त्यांतल्या एका पंपात समोरासमोर दोन दट्टे आहेत. एक पाणी ओढतो, तेव्हा दुसरा ते वर ढकलतो. माझ्या मते हा पंप हत्तीपेक्षाही मोठा शोध आहे. पण चित्रे हत्तीचीच जास्त छापली जातात!

एके दिवशी राजाने त्यांना सांगितले, की ही सर्व यंत्रे चित्रांसह लिहून काढा, नाहीतर तुमची मेहनत वाया जाईल. तोपर्यंत जझरींना दरबारात २५ वर्षे झाली होती. त्यांनी ५० यंत्रांची माहिती लिहिली. वाचणाऱ्याला ते यंत्र बनवता यावे म्हणून प्रत्येक भागाचे माप, जागा आणि जोडणी त्यांनी दिली. चित्रातल्या भागांना अक्षरे दिली आणि तीच अक्षरे मजकुरात वापरली. १२०६ साली हा अरबी ग्रंथ पूर्ण झाला. त्याच वर्षी जझरी वारले, असे मानतात.

ग्रंथाच्या नकला होत राहिल्या. त्यांतली १२०६ सालचीच एक नक्कल इस्तंबूलमध्ये आहे. १९७४ साली डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जझरींचे सर्वांत मोठे घड्याळ त्यांनी लिहिल्याप्रमाणे बनवण्यात आले. टाकीत पाणी भरले आणि घड्याळ चालू लागले.