सर जमशेटजी जिजीभाई आणि सुरतेची ठेव

मुंबईच्या जे. जे. इस्पितळाच्या पायऱ्या चढलेली माणसे आपल्या मंडळ्यांत थोडीथोडकी नसतील. ती दोन अक्षरे ज्यांच्या नावाची, त्या सर जमशेटजी जिजीभाई यांनी सुरतेतील गरिबांसाठी जे करून ठेवले ते मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. मंडळीचा फंड सांभाळणाऱ्या बंधुभगिनींना ते उपयोगी पडेल, म्हणून हे चरित्र येथे देत आहोत.

जमशेटजींचा जन्म १७८३ साली झाला. घराणे मूळचे नवसारीचे, सुरतेच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावरचे. सोळाव्या वर्षी आई व वडील दोघेही निवर्तले आणि मुलगा मुंबईत मामांच्या आश्रयास आला. मामा फ्रामजी नसरवानजी रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून त्यांचे आडनाव बाटलीवाला. १८०३ मध्ये त्यांचीच मुलगी आवाबाई हिच्याशी जमशेटजींचा विवाह झाला. शाळा अशी फारशी घडली नव्हती. हिशेब व इंग्रजी कामापुरते आले तेवढेच.

चीनला त्यांनी पाच सफरी केल्या. १८०५ साली त्यांचे जहाज फ्रेंचांच्या हाती लागले व त्यांना केप ऑफ गुड होपपर्यंत ओढून नेण्यात आले. मालमत्ता गेली, परंतु त्याच जहाजावरील विल्यम जार्डिन नावाच्या तरुण डॉक्टरशी ओळख झाली. पुढे जार्डिनने व्यापारी पेढी काढली आणि जमशेटजी तिचे मुंबईतील मोठे भागीदार-व्यापारी बनले. माल कोणता? कापूस, आणि माळव्याची अफू.

तिकडे सुरत खंगत चालली होती. एकेकाळी मोगल बादशाहीचे मुख्य बंदर असलेल्या या शहराचा व्यापार मुंबईने नेला. ज्यांच्या अंगात बळ होते ते पारशी मुंबईस गेले. म्हातारे, विधवा आणि आंधळेपांगळे तेवढे मागे राहिले. १८३७ च्या एप्रिलात आग लागून हजारो घरे जळाली आणि त्याच वर्षी तापीला पूरही आला. अशा वेळी धनिकाने एकदा पैसे पाठवले म्हणजे लोक त्याचे नाव घेतात. पण पुढच्या वर्षी काय? आणि तो धनिकच मेला तर?

१८४९ साली जमशेटजी व आवाबाई यांनी या प्रश्नाला उत्तर दिले. चार लाखांहून अधिक रुपयांची ठेव करून त्यांनी पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन स्थापिली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे खर्चायचे. त्या व्याजातून मुंबई, सुरत, नवसारी व भडोच येथील गरीब मुलामुलींचे शिक्षण, अपंगांना मदत आणि गरिबांच्या अंत्यविधीचा खर्च चालायचा. हा शेवटचा खर्च वाचून कोणाला नवल वाटेल. परंतु घरात मयत झाली असता पेटीसाठी उसने मागत फिरणारे कुटुंब ज्या पाळकाने पाहिले असेल, त्याला नवल वाटणार नाही.

शिक्षणाच्या कलमामागे आपलाही थोडा संबंध आहे. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. समाजात मोठे वादळ उठले, पालकांनी मुले मिशनच्या शाळेतून काढली, आणि आपल्या स्वतःच्या शाळांची निकड पारशी पुढाऱ्यांना तीव्रतेने जाणवू लागली. मिशनने पेटविलेल्या दिव्यावरून शेजाऱ्यांनी आपली पणती लावली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता अफूविषयी. शब्बाथ शाळेत हे चरित्र सांगताना शिक्षकांनी ती बाजू गाळू नये. अफूच्या व्यापारावरून इंग्लंडने चीनशी युद्ध केले ते १८४२ साली संपले, आणि त्याच साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. त्यांनी आयुष्यात वीस लाखांहून अधिक रुपये दान केले. माहीमचा रस्ता आवाबाईंच्या पैशाने झाला, पुण्याच्या नदीवरील बंधाऱ्यालाही त्यांचे साहाय्य झाले. पण जक्कयाने ज्यांचे घेतले त्यांनाच चौपट परत करण्याचे कबूल केले होते. जमशेटजींचे धन सुरतेच्या विधवेपर्यंत पोहोचले, कँटनच्या अफूबाजाच्या बायकोपर्यंत नाही. त्या काळी हा व्यापार कायदेशीर होता आणि थोरामोठ्यांची त्यात भागी होती, हे खरे. तरी त्याने आमचे समाधान होत नाही. म्हणून त्या ठेवीने शिकलेले मूल खोटे शिकले, असेही म्हणवत नाही.

१८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी देण्यात आली. १४ एप्रिल १८५९ रोजी ते वारले. पदवीचा मान वारसांना राखता यावा म्हणून कुटुंबासाठी वेगळा फंड केला होता, त्यासंबंधी १८६० साली खास कायदा झाला. त्यात अट अशी की, जो कोणी गादीवर येईल त्याने आपले नाव सोडून जमशेटजी जिजीभाई हेच नाव घ्यावे. थोरला मुलगा खरशेटजी त्याप्रमाणे जमशेटजी झाला, त्याच्यामागून येणाऱ्यांनीही तेच केले. सुरतेतील शाळेलाही सर जे. जे. हेच नाव मिळाले.