इंजिन बदलले, जीप तीच राहिली

शहापूरहून डोळखांब-किन्हवलीकडे आणि मुरबाडहून टोकावडे-वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कितीतरी वर्षे एसटीच्या बरोबरीने जीपचे राज्य होते. मुरबाड तालुक्यात रेल्वे नव्हती. शहापूर तालुक्यात ती आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी एका रेषेत निघून जाते आणि डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांना तिची फक्त शिटी ऐकू येते. अशा मुलुखात बाजाराला निघालेली बाई, दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण, भाताची पोती, म्हशाच्या यात्रेला निघालेले बिऱ्हाड या साऱ्यांना वाहणारे साधन म्हणजे उंच बॉनेटाची, सपाट मडगार्डाची जीप. मात्र यांतल्या अनेक जुन्या जीपचे बॉनेट उघडले, तर कारखान्यातून निघताना बसविलेले पेट्रोल इंजिन तेथे सापडत नसे. त्याच्या जागी डिझेल इंजिन धडधडत असे. सांगाडा एका काळाचा आणि इंजिन दुसऱ्या काळाचे, असा हा संसार.

ही गाडी भारतात ज्यांनी आणली, त्या कैलासचंद्र महिंद्र यांनी डिझेलवर धावणारी जीप पाहिली नाही. ती रस्त्यावर येण्यापूर्वीच, १९६३ मध्ये, त्यांचे निधन झाले. उद्योगजगतात ते के. सी. महिंद्र या नावाने परिचित होते. आज महिंद्र हे नाव घेताच डोळ्यांसमोर पुढच्या पिढ्यांचे चेहरे येतात आणि पहिल्या पिढीतले हे दोघे बंधू काहीसे विस्मरणात जातात.

कैलासचंद्रांचा जन्म १८९४ चा, पंजाबातील लुधियानाचा. नऊ भावंडांचे मोठे कुटुंब आणि वडिलांचे छत्र लवकर हरपलेले. घराची धुरा वडीलबंधू जगदीशचंद्र यांच्या खांद्यावर आली. हे जगदीशचंद्र शिकले ते मुंबईत, माटुंग्याच्या आजच्या व्हीजेटीआय या संस्थेत. पुढे ते टाटांच्या पोलाद कंपनीत विक्री विभागात मोठ्या पदावर पोहोचले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने त्यांना देशाचे पोलाद नियंत्रक नेमले. धाकट्या भावाच्या शिक्षणात मात्र त्यांनी काही कमी पडू दिले नाही. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातून कैलासचंद्र थेट केंब्रिजला गेले. परतल्यावर त्यांची उमेदीची वर्षे कोलकात्यात मार्टिन कंपनीत गेली. व्हिक्टोरिया मेमोरियलची वास्तू उभारणारी हीच ती कंपनी. तिचे सूत्रधार सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचा कैलासचंद्रांवर इतका प्रभाव पडला, की १९३३ मध्ये त्यांनी मुखर्जींचे इंग्रजी चरित्र लिहिले. उद्योगपतींची चरित्रे इतरांनी लिहावीत ही रीत. भावी उद्योगपतीने दुसऱ्याचे चरित्र लिहावे, हे तेव्हाही विरळाच होते आणि आजही आहे.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते अमेरिकेत. महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ मध्ये, वॉशिंग्टनमधील भारतीय पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. युद्धासाठी भारताला लागणारी यंत्रे आणि साहित्य अमेरिकेतून मिळविण्याचे हे काम. याच मुक्कामात त्यांची भेट बार्नी रूस या अभियंत्याशी झाली. विलीज-ओव्हरलँड कंपनीचा हा मुख्य अभियंता म्हणजे जीपच्या जन्मकथेतील एक प्रमुख पात्र.

ती जन्मकथाही इंजिनाचीच आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने चारही चाकांना ओढ असणाऱ्या हलक्या गाडीसाठी वाहन कंपन्यांकडून प्रस्ताव मागविले. बँटम या छोट्याशा कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. परंतु तिचे इंजिन बेताच्या ताकदीचे होते. फोर्डने आपल्या ट्रॅक्टरचे इंजिन गाडीत बसविले. विलीजकडे होते ते आधीच्या मोटारींतले एक जुने, ४८ अश्वशक्तीचे इंजिन. रूसने ते नवे बनविण्याऐवजी त्याच्यातील एकेक दोष हुडकून काढला आणि त्याच इंजिनाची ताकद ६० अश्वशक्तीपर्यंत नेली. वजनाची मर्यादा सांभाळताना गाडीवरील रंगाच्या थराचाही हिशेब विलीजला करावा लागला, पण इंजिन हलके घेऊन सुटका करून घेण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. सैन्याने शेवटी विलीजच्याच गाडीचा आराखडा प्रमाण मानला आणि फोर्डलाही तोच बनवावा लागला. युद्धसमाप्तीपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या.

रणांगणासाठी घडलेली ही गाडी भारतासारख्या रस्ते नसलेल्या देशात उपयोगी पडेल, हे कैलासचंद्रांनी हेरले. चिखल, ओढा, खडक यांची तमा न बाळगणारे आणि कोणत्याही मिस्त्रीला पान्यांच्या एका पेटीत दुरुस्त करता येईल असे वाहन दुसरे नव्हते.

युद्ध संपताच, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, महिंद्र बंधूंनी मलिक गुलाम मोहंमद यांच्यासह नवी कंपनी स्थापन केली. नाव ठेवले महिंद्र अँड मोहंमद. सुरुवातीचा व्यवसाय पोलादाच्या व्यापाराचा होता आणि पोलादाचे जग जगदीशचंद्रांच्या हातचा मळ होते. कैलासचंद्र तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. नोकरीच्या उत्तरार्धात माणसे निवृत्तीचे वेध घेतात, त्या वयात त्यांनी नवा डाव मांडला. याच सुमारास, १९४६ मध्ये, ते सरकारने नेमलेल्या भारतीय कोळसा क्षेत्र समितीचेही अध्यक्ष होते.

दोन वर्षांच्या आत देशाची फाळणी झाली. भागीदार गुलाम मोहंमद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९५१ मध्ये तर ते गव्हर्नर जनरल झाले. कंपनीच्या नावातला मोहंमद १९४८ मध्ये गळला आणि महिंद्र अँड महिंद्र हे नाव रूढ झाले. नियतीचा खेळ असा, की १९५५ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आले ते हेच गुलाम मोहंमद.

फाळणीने भागीदार नेला, बाजारपेठेचा मोठा तुकडाही नेला. महिंद्र कुटुंब मूळचे पंजाबचे. त्यांना या घावाची खोली कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत, ऑक्टोबर १९४७ मध्ये, सुट्या भागांच्या स्वरूपातील पहिल्या ७५ जीप भारतात आल्या. मुंबईत माझगाव येथे त्या जोडण्याचे काम सुरू झाले.

जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे, हा प्रश्न लवकरच ऐरणीवर आला. १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाच्या अहवालानंतर सरकारने भूमिका घेतली, की ज्यांच्याकडे देशात टप्प्याटप्प्याने भाग बनविण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसती जोडणी करीत राहू नये. शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. फोर्डनेही तेच केले. महिंद्रांपुढे हाच पेच होता आणि जगदीशचंद्र १९५१ मध्येच निवर्तले होते. कैलासचंद्रांनी टिकून राहण्याचा मार्ग निवडला. १९५४ मध्ये विलीजच्या सहकार्याने जीपचे भाग येथेच बनविण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा निर्णय कोणता, असे विचारले तर जीप आणण्यापेक्षा या निर्णयाकडेच बोट दाखवावे लागेल. ओतकाम, घडाई, गिअर, धुरा हे सारे शिकणे खर्चाचे होते आणि ग्राहक मोजके. प्रमुख गिऱ्हाईक होते सरकार : सैन्य, पोलीस, वन खाते, पाटबंधारे आणि १९५२ नंतर समूह विकास योजनेचे गटविकास अधिकारी. खेडोपाडी सरकार दिसू लागले ते बहुधा जीपमधूनच.

जी जीप आपल्याकडे सर्वमान्य झाली, तिचा चेहराही इंजिनबदलानेच ठरला होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. १९५३ मध्ये विलीजने रूसच्या इंजिनाची सुधारित आवृत्ती जीपमध्ये घातली. तिच्यात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा वर, हेडमध्ये, नेल्या होत्या. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उचलले गेले. अमेरिकेत या उंच नाकाच्या गाडीला रूपवान कोणी म्हटले नाही. भारतात मात्र तीच जीपची ओळख बनली आणि अनेक दशके टिकली.

त्या उंच बॉनेटखाली पुढे आणखी काय काय येणार होते! १९६३ मध्ये महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर बनविण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. त्याच वर्षी कैलासचंद्र गेले आणि धुरा केशुब महिंद्र यांच्याकडे आली. ट्रॅक्टर आणि जीप या तेव्हा दोन वेगळ्या वाटा होत्या. १९७३ च्या तेलसंकटाने त्या एकत्र आणल्या. पेट्रोल कडाडले, तुलनेने डिझेल स्वस्त राहिले आणि पेट्रोल पिणारी जीप पोसणे जड होऊ लागले. तेव्हा कंपनीने घरच्याच ट्रॅक्टरच्या घराण्यातले, सुमारे २३५० सीसीचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविले. फोर्डने १९४० मध्ये केलेला प्रयोग वेगळ्या कारणासाठी मुंबईत पुन्हा झाला म्हणायचे. हे इंजिन ओढीला दणकट, पण वेगाला मंद आणि आवाजाला भारी होते. त्यावर उतारा म्हणून १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून दुसऱ्या डिझेल इंजिनाचा परवाना घेण्यात आला. एक्सडीपी ४.९० हे त्याचे नाव. चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर व्यास, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. २११२ सीसीचे हे इंजिन बनविण्याचा कारखाना उभा राहिला तो इगतपुरीला, म्हणजे शहापूर तालुक्याच्या डोक्यावर, कसारा घाट चढून गेल्यावर लागलीच.

नव्या जीपना ही इंजिने कारखान्यातच मिळाली. प्रश्न होता जुन्यांचा. सरकारी लिलावात निघालेली पेट्रोल जीप स्वस्तात मिळे, पण तिचे पेट्रोल परवडत नसे. मग ती मिस्त्रीच्या दारात उभी राही. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. डिझेल इंजिन जड; त्यासाठी सांगाड्यावर नवे फाउंडेशन जोडावे लागे आणि पुढचे पाटे कडक करावे लागत. जुना तीन गिअरचा बॉक्स डिझेलचे धक्के फार काळ सोसत नसे, म्हणून चार गिअरचा शोधावा लागे. तो बसविला की मागे-पुढे जाणाऱ्या शाफ्टची लांबी चुके. कॉइल, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर भंगारात जात. पंप, नोझल, हीटर प्लग येत आणि सहा व्होल्टची जुनी वायरिंग सगळी उपटून बारा व्होल्टची टाकावी लागे. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी फेऱ्यांत काम करते. धुऱ्यातील दात जुनेच ठेवले, तर गाडी माळशेजचा चढ बिनतक्रार चढे आणि सपाटीवर मात्र रडतखडत चाले. पाठोपाठ आरटीओची वारी ठरलेली, कारण आरसी पुस्तकात इंजिनाचा क्रमांकही असतो. ती चुकविणारेही होते, आणि अपघातानंतर विमा नाकारला गेला की त्याची किंमत कळे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ पुढे अधिक कडक झाले. उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केल्यावर मिस्त्रीच्या अंगणातला हा उद्योग बव्हंशी आटला.

कैलासचंद्रांनी १९५३ मध्ये शिक्षणासाठी स्थापन केलेला न्यास आजही त्यांच्या नावाने चालतो. डोळखांब किंवा टोकावड्याच्या वाटेवर एखादी जुनी जीप मात्र त्यांचे नाव न सांगता उभी असते. तिच्या आरसी पुस्तकात चेसिसचा क्रमांक माझगाव-कांदिवलीच्या काळातला आणि त्याच्याखाली इंजिनाचा क्रमांक इगतपुरीच्या काळातला.