कै. ना. गोखले : शिक्षकाच्या दृष्टीतून

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्मरण राजकारणी पुरुष म्हणून सर्वत्र होते. आम्हां शिक्षकांस मात्र ते आधी आपल्यापैकीच एक वाटतात, आणि तेच आम्ही येथे सांगू इच्छितो.

गोपाळरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. वडील बंधू गोविंदराव १५ रुपये पगारावर नोकरीस लागले व त्यांतून दरमहा ८ रुपये धाकट्यास शिक्षणासाठी पाठवू लागले. १८८४ साली बी. ए. होऊन गोपाळराव पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्यास येई तो ते कसून तयारी करून शिकवीत. अंकगणितावर त्यांनी पाठ्यपुस्तकही लिहिले.

१९०२ साली कॉलेज सोडून ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले. परंतु त्यांच्यातील शिक्षक काही सुटला नाही. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांस सक्ती, तीही नगरपालिका वा लोकल बोर्ड स्वतः पुढे येईल व सरकार मान्यता देईल तेथेच. आणि दरमहा १० रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकास फी माफ. इतके बेताचे मागणे! बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ सालीच सक्ती लागू केली होती, हा दाखला हाताशी होता. तरीही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. सरकारी सभासदांबरोबर काही एतद्देशीय सभासदही विरोधात गेले, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते.

आमच्या मते विधेयक फारच भिडस्त होते. मुलींचा विचार त्यात पुढे ढकललेला होता. जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच हंटर कमिशनपुढे बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते, हे विसरता कामा नये. पण हरणार हे ठाऊक असूनही आकडे मांडून सभागृहास धडा समजावीत राहणे शिक्षकासच साधावे. आम्ही एकदा वरिष्ठांकडे शाळाबाह्य कामांविषयी लेखी अर्ज केला होता. उत्तर आले नाही, आणि दुसरा अर्ज आम्ही केला नाही.

गोपाळराव १९ फेब्रुवारी १९१५ रोजी निवर्तले. त्यानंतर १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्ती केली व १९१८ साली मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने कायदा झाला. सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलामुलींस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. त्या वर्षी आम्ही वीटभट्टीवरील मुलांची नावे पटावर घेत होतो. एका मुलीच्या आईस तिचे वय सांगता येईना, म्हणून अंदाजे सात लिहिले.