भरल्या घरातील एकाकीपण : संत जेन फ्रान्सिस द शांताल

दरवर्षी १२ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जेन फ्रान्सिस द शांताल ह्यांचे स्मरण करते. नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या त्या आध्यात्मिक कन्या आणि सहकारी. व्हिजिटेशन ह्या धर्मभगिनींच्या संघाच्या संस्थापिका म्हणून त्यांची थोरवी परिचित आहे. आज आम्ही त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवू इच्छितो. वडील, मुले, मार्गदर्शक आणि असंख्य भगिनी लाभलेली ही स्त्री सुमारे ४० वर्षे अंतर्यामी अंधारात चाचपडत होती.

जेन ह्यांचा जन्म १५७२ साली फ्रान्समधील दिजाँ येथे झाला. त्या तान्ह्या असतानाच आईचे छत्र हरपले. न्यायाधिकारी असलेल्या वडिलांनी त्यांना मायेने वाढविले. १५९२ साली बॅरन क्रिस्तोफ द शांताल ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा होता. पहिली दोन बालके दगावली, परंतु पुढे चार मुले जगली. १६०१ साली मात्र शिकारीच्या वेळी एका स्नेह्याच्या हातून चुकून सुटलेली गोळी क्रिस्तोफ ह्यांना लागली. मारणाऱ्याला क्षमा करून काही दिवसांनी त्यांनी प्राण सोडला. धाकटी मुलगी तेव्हा अवघ्या काही आठवड्यांची होती.

जेन खचून गेल्या. कित्येक महिने त्या शोकातून वर येईनात. अखेर वडिलांनी पत्र लिहून मुलांप्रती असलेल्या कर्तव्याची आठवण करून दिली. त्या उठल्या, कामाला लागल्या, परंतु मनावरचे मळभ दूर झाले नाही. सासऱ्यांच्या आग्रहामुळे त्यांना मुलांसह सासऱ्यांच्या घरी राहावे लागले. तेथे घराच्या किल्ल्या एका उद्धट सेविकेच्या हाती होत्या. सुमारे सात वर्षे जेन ह्यांनी तो अपमान सोसला.

ह्याच काळात त्यांना एक आध्यात्मिक मार्गदर्शक भेटले. त्यांनी जेन ह्यांच्यावर प्रार्थना, उपवास व जागरणे ह्यांचा भार टाकला आणि दुसऱ्या कोणाकडे मन मोकळे न करण्याची शपथ घ्यायला लावली. आधीच वाकलेल्या जिवावर हे नवे ओझे झाले. आम्हां धर्मगुरूंनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे.

१६०४ च्या उपवासकाळात बिशप फ्रान्सिस द सेल्स दिजाँ येथे प्रवचनासाठी आले. जेन ह्यांची व्यथा ऐकून घेऊन त्यांनी त्या शपथांतून त्यांना मोकळे केले. मनातील अंधाराशी झटापट करू नये, स्वतःशी सौम्यपणे वागावे आणि हातातील लहानसे काम प्रेमाने करावे, हा त्यांच्या मार्गदर्शनाचा गाभा होता. ज्याच्या हातून पती गेला, त्या मनुष्याच्या बाळाची धर्ममाता होण्याइतके बळ जेन ह्यांना पुढे लाभले.

१६१० साली आन्सी येथे ह्या दोघांनी व्हिजिटेशन संघाची स्थापना केली. अन्यत्र प्रवेश न मिळणाऱ्या अशक्त, वृद्ध व विधवा स्त्रियांनाही तेथे दार उघडे होते. परंतु शोक पाठ सोडीत नव्हता. १६२२ साली फ्रान्सिस निवर्तले. १६२७ साली एकुलता मुलगा युद्धात पडला. श्रद्धेविषयीच्या शंका आणि हृदयाचा रुक्षपणा त्यांना छळीत राहिला. स्वतःच्या अंतरात डोकावण्याचीही त्यांना भीती वाटे. ही वेदना त्यांनी आपल्या विश्वासू मार्गदर्शकांपुढे उघड केली. त्यांपैकी संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांनीच पुढे तिची साक्ष दिली. १६४१ साली त्यांचे निधन झाले तेव्हा संघाचे ऐंशीहून अधिक मठ उभे होते. १७६७ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

त्यांच्या दुःखाला आजच्या वैद्यकशास्त्रातील कोणते नाव द्यावे, हे आम्ही ठरवू शकत नाही. मात्र प्रेमाची माणसे अवतीभवती असतानाही मन एकाकी होऊ शकते, आणि तसे होणे हे कृतघ्नपणाचे वा अल्पश्रद्धेचे लक्षण नव्हे, हे त्यांच्या जीवनावरून स्पष्ट होते. आपल्या घरांत असे कोणी उदास बसले, की सर्व काही असताना तुला कमी काय, असे आपण सहज विचारतो. प्रार्थना वाढव, असे सांगून मोकळे होतो. त्यामुळे ते माणूस अधिकच आत मिटते.

प्रिय भाविकहो, आपल्यापैकी कोणी ह्या अंधारात असेल, तर त्याने गप्प राहू नये. घरातील एका विश्वासू माणसाला सांगावे, धर्मगुरूंकडे यावे, आणि डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ज्यांच्यापाशी असे कोणी मन मोकळे करील, त्यांनी उपदेशाची घाई न करता प्रथम ऐकून घ्यावे. फ्रान्सिस द सेल्स ह्यांनी सर्वांत आधी तेच केले होते.

संत जेन फ्रान्सिस द शांताल, आम्हांसाठी विनंती कर.