आईसाठी मागितलेली भाकरी

आईबाप प्रभूकडे गेले म्हणजे विश्वासणाऱ्याने लवकर डोळे पुसावेत, मागचे विसरावे, असे आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा सांगितले जाते. पंडिता रमाबाईंचे चरित्र याविषयी वेगळा धडा देते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे वृद्ध झाले होते. म्हणून आई लक्ष्मीबाई पहाटे, घरकामाआधी, मुलीला जवळ घेऊन संस्कृत शिकवीत. पुढे तीर्थयात्रांत पैसा संपला आणि दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ साली वडील वारले.

थोड्याच दिवसांत रायचूर येथे आईने अंथरूण धरले. तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. पण लाजेने तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, परंतु आईला ती खाण्याचे त्राण उरले नव्हते. ती गेली तेव्हा तिरडी उचलायला दोनच माणसे आली. भाऊ श्रीनिवास व रमाबाई यांनी हात लावला. ठेंगण्या असल्यामुळे रमाबाईंनी आपला भार डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैल वाट चालल्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. नाव झाले, मानही मिळाला. पण आईची ती भाकरी त्या विसरल्या नाहीत. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा उपाशी मुलींत त्यांना आपलेच जुने दिवस दिसले. त्या स्वतः तिकडे गेल्या व सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. केडगावचे मुक्ती मिशन असे वाढले. आईच्या मुखात जो घास पडला नाही, तो प्रभूने त्यांच्या हातून शेकडो मुखांत घातला.

१९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गात आई किंवा बाप गमावलेले मूल असेल, तर त्याला विसरायला सांगू नका. आईविषयी विचारा व त्याला बोलू द्या. पुनरुत्थानाची आशा आठवण पुसून टाकीत नाही. प्रभूच्या हाती दिलेली आठवण दुसऱ्याची भाकरी होते.